समुद्र आटला, अंतर उरले

पंढरपूर तालुक्यातील करकंब हे गाव तुम्हांपैकी पुष्कळांस तेथील बाजार आमटीमुळे ठाऊक असेल. तीत अनेक डाळी एकाच पातेल्यात शिजतात. त्यांतील एक यजमान व बाकीच्या पाहुण्या, असा भेद तेथे नसतो. विद्येच्या क्षेत्रातही असे पातेले चुलीवर चढले आहे. त्याविषयी आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

१९१३ साली डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती आणि समुद्रप्रवास ह्यांवाचून गत्यंतर नव्हते. आज तोच समुद्र संगणकाच्या पडद्यात आटला आहे. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ साली अशा सहअध्यापनासाठी स्वतंत्र केंद्र काढले. ह्या पद्धतीत दोन देशांतील अध्यापक मिळून अभ्यासक्रम आखतात आणि दोहोंकडील विद्यार्थी मिश्र गटांतून तो पुरा करतात.

परंतु समुद्र आटल्याने अंतर मिटले काय? करकंबची एखादी महाविद्यालयीन विद्यार्थिनी अशा वर्गात बसली आहे, अशी कल्पना करू. हिवाळ्यात न्यूयॉर्क येथे दुपारचे चार वाजतात तेव्हा करकंबला रात्रीचे अडीच झालेले असतात. तिकडे स्वतंत्र संगणक, इकडे घरात सर्वांमिळून एक फोन. तिकडे मातृभाषा, इकडे प्रत्येक वाक्य मनात उलथवून बोलणे. आणि ती गप्प राहिली की तिला काही येत नाही, असा तर्क! शिवाय पाण्याचा प्रश्न निघाला की तिने दुष्काळाची कहाणी सांगावी आणि त्याची मीमांसा मात्र पलीकडच्यांनी करावी, ही वाटणी तर सर्वांत अन्यायाची. उजनीच्या कालव्याचे पाणी कोणास मिळते व कोणास मिळत नाही, हे जिने डोळ्यांनी पाहिले, ती केवळ उदाहरण नव्हे. ती त्या विषयाची जाणकार आहे.

ह्याचा उपाय अशक्य कोटीतला नाही. शेजारच्याच माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी भारत व पाकिस्तान, इस्रायल व पॅलेस्टाईन अशा दुरावलेल्या देशांतील मुलांच्या जोड्या जुळवून त्यांना परस्परांशी बोलते केले. तेथे कोणी दाता नव्हता, कोणी याचक नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून दिली. एका खेडेगावच्या प्राथमिक शाळेस जे साधले, ते विद्यापीठांस का साधू नये?

त्यांनी चार गोष्टी कराव्यात. वर्गाची वेळ आळीपाळीने दोन्ही देशांनी सोसावी. व्याख्यान ध्वनिमुद्रित करून ठेवावे, म्हणजे ज्याच्याकडे यंत्र वा वीज नाही तो मागाहून ऐकू शकेल. गटातील टिपण प्रथम स्वभाषेत लिहिण्याची मुभा असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, अभ्यासक्रम आखतानाच दोन्ही अध्यापकांचा अधिकार समान असावा; पान वाढून झाल्यावर बोलावणे धाडणे, हे सहकार्य नव्हे.

श्रोतेहो, १९१३ साली प्रश्न होता, तेथवर पोहोचावे कसे? आज तेथे पोहोचलेल्यास बसावयास कोठे देतात, हा प्रश्न आहे. करकंबच्या त्या मुलीला दाराशी उभे न करता पंक्तीत पाट मिळाला, तर आणि तरच ह्या नव्या विद्येस न्यायाची विद्या म्हणता येईल.