पापणी लवत नसेल तर?



बँकेचं केवायसी आता घरबसल्या होतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा, पापण्या मिचकावायच्या, झालं! प्रज्ञा प्रसून यांचं मात्र झालं नाही. ॲसिड हल्ल्यात त्यांच्या चेहऱ्याला आणि डोळ्यांना इतकी इजा झाली की पापण्या मिचकावणंच शक्य नाही. आणि पापणी लवल्याशिवाय समोरचा माणूस जिवंत आहे, हे यंत्राला पटेना.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अमर जैन या दृष्टिहीन वकिलांची याचिकाही सोबत होती. 30 एप्रिल 2025 रोजी निकाल लागला. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरला, आणि न्यायालयानं 20 निर्देश दिले. त्यांतला एक मला फार मोलाचा वाटतो: ॲप, संकेतस्थळ किंवा नवी सुविधा तयार करताना तिच्या चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींना सहभागी करून घ्या.

एवढी साधी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली! कारण चाचणीचं काम आपण बहुतेक सॉफ्टवेअरवरच सोपवतो. रंग पुरेसे ठळक आहेत का, बटणाला नाव दिलंय का, हे ते चोख तपासतं. पण ते नाव ‘बटण 14’ असलं तरी त्याच्या लेखी सगळं ठीक. फोनमधला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, तेच वाचून दाखवतो, आणि ते दाबलं की पैसे जाणार की व्यवहार रद्द होणार, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

काही ठिकाणी डोळस तरुण डोळ्यांवर पट्टी बांधून ॲप चालवून बघतात. हेतू चांगला, उपयोग थोडा. रोज स्क्रीन रीडर वापरणारे अनेक जण तो इतक्या वेगानं ऐकतात की आपल्याला शब्दही उमगू नये. असा सरावलेला माणूस अडला, तर खोट ॲपमध्ये आहे.

चाचणी घ्यायची ती अशा वापरकर्त्यांच्याच फोनवर. “विजेचं बिल भरा,” एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. ॲप बनवणाऱ्याला हे गप्प बसणं भारी जड जातं! पण तेव्हाच दिसतं, की ओटीपी ऐकून परत येईपर्यंत वेळ संपलेली असते. हात थरथरणाऱ्याला, आपण यंत्र नाही हे पटवण्यासाठी, चित्राचा तुकडा सरकवून जागेवर बसवता येत नाही. व्हिडिओ केवायसीत अधिकारी तोंडी प्रश्न विचारतो आणि कर्णबधिर ग्राहक नुसता बघत राहतो. म्हणून एका अंध व्यक्तीला बोलावून भागत नाही.

बँकांत, सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणाऱ्या श्रोत्यांना माझी विनंती आहे. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड 1952 पासून काम करते आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र आहे. तिथे विचारा. आराखडा कागदावर असतानाच दिव्यांग वापरकर्त्यांना बोलवा, आणि इतर कुठल्याही तज्ज्ञाला देता तसं मानधन त्यांनाही द्या.