उंचीचे गणित : लडाखच्या खिंडींतून मोटारसायकलचा प्रवास

‘ला’ या तिबेटी शब्दाचा अर्थ खिंड. लडाख या नावाचा अर्थही खिंडींचा प्रदेश असाच सांगितला जातो. या नावाचे आकर्षण गेल्या काही दशकांत भारतातील तरुणांना, आणि आता प्रौढांनाही, फार वाटू लागले आहे. उन्हाळा आला की मुंबई, पुणे, बंगळूर, इंदूर, दिल्ली अशा शहरांतून मोटारसायकली उत्तरेकडे निघतात. काही आगगाडीच्या मालडब्यातून, काही स्वतःच्या चाकांवर. निघण्यापूर्वी घरोघरी नकाशे पसरले जातात, अंतरे मोजली जातात आणि दिवसाला इतके किलोमीटर असा हिशेब मांडला जातो. नेमकी येथेच पहिली चूक होते. मैदानात प्रवास अंतराने मोजतात. हिमालयात तो उंचीने आणि रात्रींनी मोजावा लागतो.

सह्याद्रीच्या घाटांत गाडी चालविण्याची सवय असलेल्या मनुष्याला हा फरक सहसा सुचत नाही. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. श्रीनगर शहर जवळजवळ त्याच उंचीवर, सुमारे १,५८५ मीटरवर, वसलेले आहे. म्हणजे जेथे आपला सर्वांत उंच डोंगर संपतो, तेथे या प्रवासाचा आरंभ होतो. लेह ३,५०० मीटरवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. ५,३०० मीटरवर तो निम्म्याच्या जवळ येतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते. परंतु हवाच विरळ झाल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी येतो.

या विरळ हवेची झळ मनुष्याइतकीच यंत्रालाही लागते. इंधन जाळावयास हवा अपुरी पडली म्हणजे इंजिनाची शक्ती घटते. सपाटीवर दोघांना सहज ओढणारी गाडी खिंडीच्या अखेरच्या वळणांवर पहिल्या गिअरमध्ये कण्हू लागते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत इंधनाचे मिश्रण घट्ट होऊन काळा धूर येतो. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत मिश्रण आपोआप सुधारते. गेलेली शक्ती मात्र परत येत नाही. म्हणून सामान कमी घ्यावे हा उपदेश केवळ सोयीचा नाही. क्लचची तार, ट्यूब, पंक्चरची साधने, साखळीचा जोड आणि ती बदलण्याचे ज्ञान एवढे बरोबर असले म्हणजे बहुतेक काम भागते.

आता मार्गाचा विचार. लेहला जाणारे दोन प्रसिद्ध रस्ते आहेत, एक श्रीनगरहून व दुसरा मनालीहून. दोहोंची लांबी जवळजवळ सारखी, सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. कागदावर दोन्ही एकाच मोलाचे दिसतात. प्रत्यक्षात कोणत्या रस्त्याने जावे आणि कोणत्या रस्त्याने परतावे, यावर सहलीचे सुखदुःख अवलंबून असते.

श्रीनगरहून निघालेला प्रवासी पहिली रात्र सोनमर्गला, पावणेतीन हजार मीटरच्या आसपास, काढू शकतो. दुसऱ्या दिवशी ३,५२८ मीटर उंचीची झोजी ला ओलांडून, द्रासवरून तो कारगिलला उतरतो. कारगिल २,६७६ मीटरवर आहे. पुढे नमिका ला आणि ४,१०८ मीटर उंचीची फोतू ला चढून लामायुरूवरून तो लेहला पोहोचतो. दिवसा चढावे व रात्री उतरून निजावे, हा वैद्यकशास्त्राने सांगितलेला क्रम येथे रस्ताच पाळून घेतो.

मनालीच्या बाजूचा क्रम याहून निराळा आहे. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. २०२० साली ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगची खिंड न चढता लाहूलमध्ये जाता येते व केलाँगला, ३,१०० मीटरच्या आसपास, मुक्काम होतो. यानंतरचा नेहमीचा मुक्काम सरचू. तो ४,३०० मीटरच्या जवळपास आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर निजण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असा सर्वमान्य नियम आहे. येथे ती एका दिवसात १,२०० मीटरने वाढते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. उंचीच्या आजारावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरणे. परंतु सरचू आणि त्यापुढील पांग ही ठिकाणे खिंडींच्या मध्ये सापडलेली आहेत. सरचूहून मागे फिरावे तर ४,८९० मीटर उंचीची बारालाचा ला आडवी येते. पुढे जावे तर नकी ला व लाचुलुंग ला. पांगहून लेहकडे निघावे तर ५,३०० मीटरहून उंच तगलांग ला वाटेत उभी. मध्यरात्री एखाद्याचा श्वास बसल्या जागी लागू लागला, किंवा त्याची पावले अडखळू लागली, तर त्याला उतरविण्यासाठी आधी चढवावे लागते. म्हणून श्रीनगरच्या बाजूने चढावे, लेहला निदान दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, आणि शरीर रुळल्यानंतर मनालीच्या बाजूने उतरावे, हीच आखणी शहाणपणाची ठरते.

लेहहून खारदुंग ला पाहण्याची घाई याच कारणाने टाळावी. अवघ्या चाळीस किलोमीटरांत तेथे सुमारे १,८५० मीटर चढावे लागते. या खिंडीवरच्या फलकावर अनेक वर्षे १८,३८० फूट अशी उंची मिरवली गेली. आधुनिक मोजणीत ती ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,६०० फूट भरते. दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर जावे, माथ्यावर थोडाच वेळ थांबावे आणि नुब्राच्या खोऱ्यात उतरून निजावे.

इंधनाचा हिशेबही आधी करावा. लेहपासून लाहूलमधील तांदीपर्यंतचे अंतर सुमारे ३६५ किलोमीटर आहे व या वाटेवर पंपाचा भरवसा धरता येत नाही. लिटरला तीस किलोमीटर धरले तरी बारा लिटरांहून अधिक इंधन लागते. शिवाय चढावर खप वाढतो. ओढे सकाळीच ओलांडावेत. दुपारी बर्फ वितळून त्यांचे पाणी चढते. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलच्या बाजूस दरडी कोसळतात, हेही ध्यानात ठेवावे.

राहता राहिला सोबतीचा प्रश्न. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे ही आजाराची पहिली चिन्हे. तारुण्य आणि व्यायाम यांनी त्यापासून संरक्षण मिळत नाही. उलट धट्टाकट्टा मनुष्यच ती लपवितो, कारण आपल्यामुळे सर्वांची सहल मोडेल याची त्याला लाज वाटते. काही औषधे वैद्याच्या सल्ल्याने घेता येतात. पण ती शरीराला सवय होण्यास मदत करतात, घाईची भरपाई करीत नाहीत. यास्तव निघण्यापूर्वी घरीच एक गोष्ट ठरवून घ्यावी : थांबावयाचे की उतरावयाचे, याचा निर्णय आजाऱ्यावर सोपवावयाचा नाही, तो सोबत्यांनी घ्यावयाचा, आणि एकाने उतरावयाचे म्हणजे दुसऱ्याने त्याच्याबरोबर उतरावयाचे.

म्हणून आखणीच्या कागदावर दोन दिवस कोरे ठेवावेत. रजेच्या अर्जात ते मागताना जिवावर येते, हे खरे. तथापि दरडीमुळे, हिमवर्षावामुळे किंवा एखाद्याच्या आजारामुळे जेव्हा थांबावे लागते, तेव्हा हेच दिवस कामी येतात. ते हाताशी नसले की मनुष्य रजेच्या भयाने आजाऱ्याला पुढे रेटतो. खिंड पुढल्या वर्षीही तेथेच असते. तिच्याकडे पुन्हा जाता यावे, इतक्या बेताने पहिल्या वेळी चढावे.