किनाऱ्याची मर्यादा कोण राखणार?

(वाणगाव येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



वाणगावातून समुद्र दिसत नाही. परंतु चिंचणी, वरोर, वाढवण या गावांची वाट याच स्थानकावरून जाते. किनाऱ्याचा प्रश्न मच्छीमार बांधवांचा, आपला नव्हे, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

भरतीचे पाणी जिथे थांबते, तिथे वाळूवर एक वेल पसरते. लोकांनी तिला नाव दिले मर्यादवेल. ती वाळू धरून ठेवते, तिच्या आधाराने वाळूचे टेकाड उभे राहते आणि वादळात ते गावाच्या रक्षणाला येते. समुद्राची मर्यादा ओळखून माणसाने आपली ठरवावी, हे शहाणपण या एका नावात आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने हेच कायद्याच्या भाषेत सांगितले आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यावर नियमन आणले. त्याच वर्षी २० जूनला डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला.

परंतु कागदावरची मर्यादा आपोआप पाळली जात नाही. ती पाळली जावी म्हणून काही नागरिकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. न्यायालयाच्या ऑक्टोबर १९९६ च्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले; निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने वाढवण येथे बंदराला नकार दिला. डहाणूच्या खाडीकाठच्या औष्णिक वीजकेंद्राने धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवावी, असा आदेश १९९९ मध्ये झाला. यंत्रणा चालू व्हायला २००७ उजाडले. आदेश एका दिवसाचा, पाठपुरावा आठ वर्षांचा! कार्यकर्त्याने ध्यानी घ्यावे, ते हे प्रमाण.

आज परिस्थिती पालटली आहे. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला संमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. १,४४८ हेक्टर क्षेत्र समुद्रात भराव घालून निर्माण होणार आहे. या सभागृहात याविषयी दोन मते असतील. देशाला मोठे बंदर हवे, हे एक. पिढ्यान्‌पिढ्यांची मासेमारीची जागा जाईल, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे. पण मत कोणतेही असो, एक कर्तव्य दोघांचेही आहे. पर्यावरण मंजुरी अटींसह मिळते आणि त्या अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो वाचणारे किती? प्रकल्पाच्या समर्थकाने तर तो अधिक काटेकोरपणे वाचावा. अटी मोडून उभे राहिलेले काम त्याच्याही पक्षाला उणेपणा आणते.

रविवारची किनारा स्वच्छता चांगलीच. मात्र प्लास्टिक गोळा करून वाळूचा उपसा थांबत नाही. एका गावापुढे बांधलेल्या धूपप्रतिबंधक भिंतीमुळे शेजारच्या गावची वाळू वाहून जाऊ शकते, हेही पोती भरून कळत नाही. म्हणून तीन कामे सुचवतो.

पहिले, आपल्या गावाचा किनारा व्यवस्थापन नकाशा मिळवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर येते, हे जुन्या तांडेलाला विचारा आणि नकाशावरची रेषा पडताळून पाहा. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकाममुक्त पट्टा २०० वरून ५० मीटरवर आणला. तिथे रेषेची थोडी चूकसुद्धा घराच्या उंबऱ्याशी येते. दुसरे, जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. त्या दिवसांत अहवाल वाचा, हरकत लेखी द्या, पोच घ्या. घोषणा वाऱ्यावर जातात, नोंदवलेली हरकत दप्तरात राहते. तिसरे, वर्षभर त्याच जागेवरून, त्याच तिथीला किनाऱ्याची छायाचित्रे काढून तारखेसह जपा. न्यायालयापुढे भावना नव्हे, पुरावा उभा राहतो.

हे काम नीरस आहे. त्यात हार नाहीत, सत्कार नाहीत. पण प्रत्येक किनारी गावात असे चार जण, चार जणांत एक तरी भगिनी आणि एक मच्छीमार, इतके झाले तरी पुरे. मर्यादवेलही जमिनीलगतच वाढते. तिची मुळे मात्र वाळूत घट्ट असतात.