अंगणातला उजेड : थोडा, खाली आणि बिनधोक
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मंडपाची रोषणाई पाहून अनेकांनी मला विचारलं, "असे दिवे घरच्या बागेत लावायचे तर काय करावं?" मी पेशाने विद्युत अभियंता, तेव्हा आज त्याच प्रश्नाचं उत्तर देतो. आयटी पार्कमधल्या नोकरीनिमित्त आपण इकडे आलो आणि मनीमाजरा, पंचकुला भागात राहिलो. काहींना पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये न मिळालेलं अंगणही इथे मिळालं.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. घरातली वीज २३० व्होल्टची. तीच ओल्या मातीतून साध्या वायरने नेऊन जोडावर काळी टेप गुंडाळणं म्हणजे जिवाशी खेळ. टेपखाली पाणी शिरतं, आणि नेमकी तिथेच आजी अनवाणी उभी राहून झाडांना पाणी घालत असते. म्हणून बागेत १२ किंवा २४ व्होल्टचेच दिवे लावा. ट्रान्सफॉर्मर भिंतीवर कोरड्या जागी बसवा आणि त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

दुसरी गोष्ट, दिवे किती? खरेदीला जाण्याआधी रात्री टॉर्च घेऊन अंगणात फिरा. जिथे पाय अडखळतो तिथे दिवा हवा : पायऱ्या, वाटेचं वळण, फाटकाची कडी, नळ. मध्यम बागेला ३ वॅटचे १० एलईडी, म्हणजे ३० वॅट, पुरतात.

तिसरी गोष्ट वायरची. व्होल्ट कमी म्हणजे करंट जास्त. १२ व्होल्टवर ३० वॅटला अडीच अँपिअर लागतात. दिवे २० मीटरवर आहेत आणि तांब्याची वायर दीड चौरस मिलिमीटरची आहे असं धरलं, तर वाटेतच सुमारे १.२ व्होल्ट, म्हणजे दहा टक्के, खर्ची पडतात. शेवटचे दिवे मिणमिणतात आणि दोष मात्र दिव्यांना दिला जातो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर घट सहा टक्क्यांवर येते. २४ व्होल्ट घेतले तर दीडच्या वायरनेही ती अडीच टक्क्यांवर येते.

आता सौरऊर्जा. चंडीगडला तिचं वावडं नाही. ५०० चौरस यार्ड आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या घरांना छतावर सौर संच बंधनकारक करण्याचा निर्णय प्रशासनाने २०१६ मध्येच घेतला. पण वीजपुरवठ्याला जोडलेला, बॅटरी नसलेला संच वीज गेली की स्वतःही बंद पडतो. बागेचे दिवे अंधारातही चालायला हवेत तर बॅटरी लागते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. २१ डिसेंबरच्या दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो, चंडीगडला जेमतेम ३६. सहा फुटी भिंतीची सावली त्या दिवशी भर दुपारी उत्तरेकडे आठ फुटांवर जाते. वर डिसेंबर-जानेवारीचं धुकं. मातीत खोचायचे छोटे सौर दिवे दिवाळीत छान जळतात आणि ऐन थंडीत तासाभरात मान टाकतात, ते यामुळे. म्हणून पॅनेल दिव्यावर नको, गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून हवं. हिवाळ्यासाठी ते ४५ अंशांच्या आसपास तिरकं ठेवा.

हिशेब सोपा आहे. ३० वॅट रोज पाच तास म्हणजे १५० वॅट-तास. धुक्याच्या दिवसांत दोनच तासांचं ऊन धरलं आणि थोडी गळती वजा केली, तरी १०० वॅटचं पॅनेल तेवढी वीज देतं. अजिबात ऊन नसलेल्या तीन दिवसांसाठी ४५० वॅट-तास लागतात. १२.८ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी त्याला पुरेशी आहे.

शेवटची गोष्ट शेजाऱ्यांची. आयटी पार्कपासून सुखना तलाव आणि १९९८ मध्ये घोषित झालेलं सुखना अभयारण्य जवळच आहे. तलावावर हिवाळी पाहुणे पक्षी येतात. रात्रभर झाडांवर मारलेले पांढरे झोत किड्यांना आणि पाखरांना भुलवतात. दिवा गुडघ्याएवढ्या उंचीवर, टोपी असलेला आणि पिवळसर प्रकाशाचा घ्या. अकरा वाजता टायमरने बंद होऊ द्या. फक्त फाटकाचा दिवा माणूस आला की लागेल असा सेन्सरवर ठेवा.

झगमगाट उत्सवाला शोभतो. घराच्या अंगणात पायाखालची पायरी दिसली की काम झालं. आणि हो, मंडपातल्या माळांनाही आरसीसीबीचा नियम लागू आहे, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये!