प्रत्येक चट्टा नायटा नसतो

पाऊस लागला की आमच्या अलिबाग-मुरूडकडे दवाखान्यात खाजवणारेच जास्त येतात. कपडे वाळत नाहीत, लावणीला दिवसभर चिखलात उभे राहावे लागते. मग अंगावर कोंडा सुटलेला कोणताही चट्टा दिसला की घरातले वडीलधारे सांगतात, "नायटा आहे, ट्यूब लाव."

खरा नायटा ओळखायला सोपा. जांघेत, कंबरेला, घाम साचतो तिथे गोल चकंदळ उठते. कड लाल, उंचावलेली, कोंडा त्या कडेलाच, मध्यभाग निवळलेला. कंड भयंकर. ही बुरशी. घरात एकच टॉवेल असला, की सगळ्यांना होते.

पण दुकानातून मागून आणलेल्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असते. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, बुरशी मात्र आत निवांत वाढते. शिवाय कडच पुसट होते, मग डॉक्टरही फसतो. २०१८ मध्ये अशा अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची झाली. तरी मागणारा मागतो, देणारा देतो!

एक मासेविक्रेत्या बाई वर्षभर नायट्याचे औषध लावत होत्या. कोपरांवर जाड चट्टे, वर चंदेरी खवले. गिऱ्हाइके त्यांच्या पाटीला हात लावीनाशी झाली होती. तो सोरायसिस होता. कोपर, गुडघे, डोके या त्याच्या आवडत्या जागा. तो स्पर्शाने पसरत नाही, हे मी त्यांच्या शेजारणींनाही बोलावून सांगितले.

छाती-पाठीवरच्या फिकट डागांवर नख ओढले आणि बारीक भुसा निघाला, तर बहुधा शिबे. औषधाने बुरशी जाते, रंग भरायला मात्र काही महिने लागतात. तोवर पुन्हा पुन्हा औषध चोपडू नका.

मला खरी काळजी न खाजणाऱ्या चट्ट्याची वाटते. फिकट किंवा लालसर, कोरडा, घाम न येणारा. डोळे मिटून त्यावर कापसाचे टोक फिरवा. स्पर्श कळला नाही, तर कुष्ठरोगाची शंका घ्यायलाच हवी. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात स्पर्श कळतो, तरीही तो रोग असू शकतो. तेव्हा तपासणी कराच. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुविध औषधोपचार मोफत मिळतो, सहा महिने किंवा वर्षभर. औषध सुरू झाल्यावर लवकरच तो रुग्ण इतरांना संसर्ग देईनासा होतो. उशीर झाला आणि नस गेली, तर वाकडी झालेली बोटे मात्र गोळ्यांनी सरळ होत नाहीत.