नुसतं नाव जुळलं म्हणून



अमेरिकेत दुकानातून बंदूक घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतात, मग एफबीआयकडे चौकशी जाते. नाव-जन्मतारीख एखाद्या गुन्हेगाराशी मिळतीजुळती निघाली, की निर्दोष माणूस अडकतो. उलट कामकाजाच्या ३ दिवसांत उत्तर आलं नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ९ जणांना मारणाऱ्याला ती अशीच मिळाली.

डेटाबेसवाल्यांना ठाऊक असतं, नाव ही प्रायमरी की नव्हे. आपल्यात तर एका मोहल्ल्यात चार मोहम्मद शेख! तिथे निदान बोटांचे ठसे देऊन वेगळा क्रमांक मिळतो; तो पुढच्या फॉर्मवर लिहायचा.

आपल्याकडे शस्त्र परवाना नाकारला, तर १९५९च्या कायद्याने कारण लेखी नोंदवावं लागतं, मागितल्यास सांगावंही लागतं. सार्वजनिक हिताचा अपवाद आहे. पासपोर्टलाही जवळपास हाच नियम, कलम ५(३). अर्ज फेटाळला तर तोंडी उत्तर घेऊन परतू नका.