काळीज फाटतं तेव्हा

मराठीत आपण 'काळीज फाटलं' म्हणतो. आमच्या घरच्या बोलीत 'दिल टूट गया' म्हणतात. आम्हा कवींची ही भाषा आता डॉक्टरांनाही परकी राहिलेली नाही.

१९९० साली जपानमध्ये हिरोशिमाच्या डॉ. हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आजार नोंदवला. छातीत कळ, धाप, ईसीजीत बदल. सारं हृदयविकाराच्या झटक्यासारखं. पण अँजिओग्राफीत रक्तवाहिनी तुंबलेली दिसेना. हृदयाचा डावा कप्पा मात्र टोकाशी फुगलेला आणि गळ्याशी अरुंद. तिथले कोळी ऑक्टोपस पकडायला अशाच आकाराचं मडकं वापरतात. त्याचं नाव 'ताकोत्सुबो'. तेच आजाराला मिळालं.

जिवलगाचा मृत्यू, भीती, भूकंप अशा धक्क्यानंतर शरीरात अ‍ॅड्रेनलीनसारखी रसायनं उसळतात आणि हृदयाचे स्नायू काही काळ लुळे पडतात, असं संशोधक मानतात. २००४ च्या निगाता भूकंपानंतर असे रुग्ण वाढले होते. रुग्णांत सुमारे नव्वद टक्के स्त्रिया, त्यातही बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. पण सुरुवातीचे दिवस जिवावर बेतू शकतात.

घरात मयत झाली, आई-मावशी छाती धरून बसली, की आपण म्हणतो, 'रडून रडून झालंय, पाणी द्या.' तो झटका आहे की ताकोत्सुबो, हे घरी बसून कुणालाच कळत नाही. ते तपासणीतूनच कळतं. म्हणून सांत्वन जरूर करा. पण आधी तिला दवाखान्यात न्या.